ठरल्याशिवाय उठायचं नाही

व्हॉलीबॉलचा पंच नेटच्या एका टोकाला उंच स्टँडवर उभा असतो आणि दोन्ही संघांचे बाक मैदानाच्या पलीकडे, अगदी त्याच्या समोर असतात. त्यामुळे आयुष्यभर मी खेळाडूंच्या डोक्यावरून प्रशिक्षकांचीच तोंडं पाहत आलो. कोणी नखं खातो, कोणी देवाचं नाव घेतो, कोणी शर्टाचं वरचं बटण काढतो आणि पुन्हा लावतो. लोकांना वाटतं पंचाचं लक्ष बॉलवर असतं. असतंच. पण एक बॉल मेला की पुढची सर्व्हिस होईपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्यात मी ह्या तोंडांचा अभ्यास केला आहे. आणि अनुभवाने सांगतो, शेवटच्या सेटात स्कोअर चौदावर आला की भल्याभल्या सरांची अक्कल चरायला जाते.

नोकरी माझी नागभीडला, शाळेत पी.टी. शिकवायची. पोटाला शाळा आणि जिवाला शिट्टी, असं आमचं चाललं होतं. कॉलेजांच्या स्पर्धा येतात नेमक्या धानकापणीच्या तोंडावर, भाताची खाचरं म्हणजे आमच्या बांध्या पिकलेल्या असतात तेव्हा. पिशवीत पांढरा शर्ट, शिट्टी आणि दोन कार्डं घालून मी निघालो, की आमची सुमन दारातून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "घरचं धान बांधीत उभं हाये आन् हे बाप्पा दुसऱ्याच्या पोट्ट्यायले शिट्ट्या मारत फिरून राह्यले!" मैदानावर कितीही मोठा पंच असला तरी घरात त्याची शिट्टी वाजत नाही.

ज्यांनी हा खेळ फक्त येताजाता पाहिला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या झाडीपट्टीत दोन बांबू आणि एक जाळी नाही असं गाव सापडायचं नाही, पण कॉलेजच्या सामन्यात सगळं नियमाने चालतं. पाच सेट, ज्याचे तीन झाले तो जिंकला. पाचवा सेट लहान असतो, पंधरा पॉइंटांचा, पण दोनाचा फरक पाहिजे. मागच्या रेषेबाहेरून बॉल मारून खेळ सुरू करायचा, ती सर्व्हिस. सहाही जणांना पाळीपाळीने ती मारावी लागते. सर्व्हिस नेटात अडकली की पॉइंट समोरच्याचा. प्रत्येक सेटात प्रशिक्षकाला दोनदा टाइमआउट मागता येतो, अर्ध्या मिनिटाचा. त्यात तो पोरांना काय सांगायचं ते सांगतो.

आणि एक नियम आत्ताच सांगून ठेवतो, तो पुढे लागणार आहे. टाइमआउट संपल्याची शिट्टी झाली तरी संघ मैदानात आला नाही, तर पंच पिवळं कार्ड दाखवतो. ती नुसती ताकीद. त्याच सामन्यात पुन्हा तसंच केलं तर लाल कार्ड, आणि समोरच्याला एक पॉइंट फुकटात. हे कार्ड फुटबॉलसारखं हवेत नाचवायचं नसतं, आपल्या मनगटावर टेकवून दाखवायचं असतं. नवीन पंच हमखास इथे चुकतात.

आता शेवटच्या घटकेला बुद्धी कशी फिरते त्याची गोष्ट. कोरपन्याकडचे एक सर होते. मनाने राजा माणूस, पण घाबरट. ह्या खेळात एक पोरगा असा असतो जो स्वतः जोरात मारत नाही, मारणाऱ्याला बॉल उचलून देतो. त्याला सेटर म्हणतात. संघाचा सगळा संसार त्याच्या बोटांवर. ह्या सरांनी चौदा-चौदावर असताना आपला सेटरच बाहेर बोलावला आणि एक उंच पोरगा आत घातला. का, तर तो नेटपाशी आडवा उभा राहील! पोरगा उभा राहिला, चांगला विजेच्या खांबासारखा. पण पुढचा बॉल वर उडाला तेव्हा तो उचलून द्यायचा कोणी? तिघे एकमेकांकडे पाहत राहिले. "तू घे." "अबे, तू घे." बॉल तिघांच्या मधोमध पडला. पुढचाही तसाच गेला. सर डोक्याला हात लावून माझ्याकडे ओरडले, "पंच सायेब, हे काय झालं जी?" मी वरून म्हटलं, "सर, तुमी ठरवलं तेच झालं."

चंद्रपूरचे दुसरे एक सर टाइमआउटमध्ये एवढं बोलायचे, एवढं बोलायचे, की एकदा पोरं मैदानात परतली तेव्हा सर्व्हिस कोणाची हेच विसरून गेली होती. भलताच पोरगा मागे जाऊन मारून मोकळा झाला. पाळी चुकली, पॉइंट गेला, सामना गेला. सर मात्र पुढचा तासभर तेच भाषण पोरांना पुन्हा देत होते.

हसतो मी, पण त्या जागी उभं राहणं सोपं नाही. समोर सहा पोरं, मागे गाव, आणि हातात अर्धं मिनिट. मी कधी प्रशिक्षक झालो नाही ते बरंच झालं. माझ्या तापट स्वभावाने मी शेवटच्या टाइमआउटमध्ये पोरांना नुसतं झापलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आत्राम सर.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं मार्कंड्याच्या जत्रेत. वैनगंगेच्या वाळूला लागून एका मोकळ्या जागेवर सामने भरवले होते. आत्राम सर अहेरीच्या पलीकडच्या एका लहानशा कॉलेजात खेळ शिकवायचे, तिथली पोरं घेऊन आले होते. अंगाने काटकुळे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात पाण्याची पांढरी कॅन. शेवटचा सेट, संघ मागे पडलेला, त्यांनी टाइमआउट मागितला. आणि पोरं चक्क खाली बसली. मातीत, गोल करून. एक पोरगा बोलला, मग दुसरा, मग तिसरा. सर त्या गोलाच्या बाहेर उभे राहून एकेकाच्या हातात पाणी ओतत होते. तोंडातून शब्द नाही.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काऊन रे, मयत झाली का?" सगळे हसले. सरसुद्धा हसले.

पोरं उठली आणि तिथून पुढे प्रत्येकाने सर्व्हिस खालून मारली. पहिलीतलं लेकरू मारतं तशी, खालून, नुसती उंच. समोरचे सगळे दणदणीत वेगाच्या सर्व्हिसला सरावलेले. बॉल वर जायचा तो थेट उन्हात, आणि खाली कधी येतो म्हणून ते डोळे किलकिले करत माना वर करून उभे राहायचे. एक पडला, दोन पडले, सामना फिरला. मी स्टँडवरून उतरून थेट सरांकडे गेलो.

"सर, डोकं तुमचंच ना?"

"नाई जी. मले तं पटलंच नव्हतं."

"मंग?"

"त्यायचं साऱ्यायचं पटलं होतं. मी एकटाच उरलो होतो. मंग मीबी हो म्हटलं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात कुठलीही गोष्ट ठरवायची असली, तळ्याची असो की बांबूची असो, सगळे बसतात, बायामाणसं सगळी. शेवटचा माणूस हो म्हणत नाही तोवर ठरलं असं होत नाही, आणि ठरल्याशिवाय कोणी उठत नाही. एक जण अडला तर त्याचं ऐकायचं. एक तर त्याला पटवायचं, नाही तर आपण पटून घ्यायचं. मी म्हटलं, हात वर करायला लावून मोजून टाकायचं ना, लवकर होते. तर म्हणाले, "मोजलं तं हारलेले लोक घरी जाऊन रुसतात जी. मंग काम कोण करन?"

"पण सर, गावात रात्र पुरते. इथी अर्धं मिनिट असते!"

"हो जी," ते गंभीरपणे म्हणाले. "तेच तं पंचाईत हाये."

ह्या माणसावर माझा जीव बसला तो तेव्हापासून. पण खोटं कशाला सांगू, त्यांचं हे दरवेळी जमत नसे. अर्ध्या मिनिटात सहा जणांचं एकमत म्हणजे काय खेळ आहे? कितीदा पोरं काहीच न ठरवता परत आली आणि मार खाल्ला. बाकीचे प्रशिक्षक त्यांना हसायचे. "आत्राम सराची ग्रामसभा भरली," म्हणायचे. मी पण वरून चिडायचो. अरे, तुम्ही शिकलेले प्रशिक्षक, वीस-वीस वर्षं खेळ पाहिलेला, सांगा ना एकदा पोरांना ठणकावून! पण एक गोष्ट मला त्याच स्टँडवरून दिसायची. इतर संघ हरले की पोरं वेगवेगळी चालत एस.टी.कडे जायची. एक पुढे, दोन मागे, एकाच्या डोळ्यात पाणी आणि दुसऱ्याच्या तोंडात शिवी. आत्राम सरांची पोरं हरली तरी सगळी एका डब्यात जेवायची. "तुझ्यामुळे गेलं" हे वाक्य मी त्या बाकावरून कधी ऐकलं नाही.

पुढे कॉलेजने मुलींचा संघ केला आणि तोही सरांकडेच आला. कप्तान होती सुरेखा, बोलकी आणि दांडगी. आणि एक होती चिन्नी. आतल्या जंगलातल्या गावची माडिया पोरगी, उंचीने बेताची, पण उडी मारली की नेटच्या वर छातीपर्यंत दिसायची. फार बोलायची नाही. पॉइंट मारला तरी जिभेचं टोक दाताखाली धरून नुसतं लाजायची.

एका वर्षी हा संघ चंद्रपूरला फायनलमध्ये पोचला. स्टँडवर मीच होतो. पाचवा सेट, तेरा-चौदा, आणि सर्व्हिस चिन्नीची. तिने बॉल उडवला, मारला, आणि तो नेटात गेला. मी शिट्टी दिली. सामना संपला. असे शेवट मी शंभर पाहिले असतील, त्यात काही विशेष नव्हतं.

विशेष केलं ते एका मोबाइलवाल्याने. त्याने तो बॉल नेटात जाताना आणि चिन्नी दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसताना, एवढाच तुकडा घेतला, त्याला कसलंतरी हसायचं संगीत लावलं आणि सोडून दिला. आठ दिवसांत तो चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत फिरला. पोरगी एस.टी. स्टँडवर उतरली की टवाळ पोरं ओरडायची, "ए नेटवाली!" चिन्नीने कॉलेज सोडलं आणि गावी निघून गेली. मला कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला, पण त्या मोबाइलवाल्याला कोणतं कार्ड दाखवणार?

पुढच्या वर्षी स्पर्धा आमच्या नागभीडलाच होती. आदल्या दिवशी दुपारी आत्राम सरांचा संघ उतरला तेव्हा मी एस.टी. स्टँडवर हजर होतो. मुली एकेक करून उतरल्या आणि सर्वांत शेवटी चिन्नी. मी सरांकडे पाहिलं.

"आणली जी," सर म्हणाले. "नाई, तशी नाई. ते आली."

चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. ते तिच्या गावी गेले होते. तिच्या बापाशी बोलावं म्हणून गेले, तर बाप म्हणाला, हे माझ्या एकट्याचं काम नाही, पोरगी गावाची आहे, गाव बसेल. गाव बसलं. तिकडच्या रीतीने सगळ्यांनी बोलून घेतलं. शेवटी चिन्नीला विचारलं. ती म्हणाली, कॉलेजात जाईन, खेळेन पण, पण सर्व्हिस मारणार नाही. लोक पाहतात. मग गावाने सरांकडे पाहिलं.

"मी साऱ्या गावासमोर शब्द देल्ला," सर म्हणाले. "तिच्या तोंडून हो निघाल्याशिवाय तिच्या हातात सर्व्हिसचा बॉल देणार नाई. आन् तिले न इचारता तिले बाहेरबी काढणार नाई. दोन्ही तिच्या 'हो'नंच."

"आन् तिनं कधीच हो नाई म्हटलं तं?"

सरांनी कपातला उरलेला चहा पाहिला. "तं नाई," म्हणाले. "पण मले वाटते जी, म्हणन. ते खेळते तवा तिच्याकडे पाहा. सर्व्हिसची पाळी आली का अंगातून जीवच निघून जाते तिच्या. असं अर्धं खेळून कसं चालन? सालभर तोच घोर हाये मले."

त्या स्पर्धेत चिन्नीची सर्व्हिसची पाळी आली की गोल बसायचा. ती नाही म्हणायची, बाकीच्यांचं एकमत व्हायचं, आणि तिच्या जागी बाकावरची दुसरी पोरगी येऊन सर्व्हिस मारायची. नियमात बसतं ते. सेमीफायनलपर्यंत हे सुरळीत चाललं.

फायनल चंद्रपूर शहरातल्या एका मोठ्या कॉलेजशी होती. त्यांच्या प्रशिक्षक देशकर मॅडम, एकदम शिस्तीच्या. त्यांच्या मुली पाणीसुद्धा ओळीने प्यायच्या. गर्दी म्हणाल तर अख्खं नागभीड लोटलं होतं. कापणीवरून परतलेली माणसं हातात विळे घेऊन तशीच उभी. माझी सुमनसुद्धा आली होती. पहिल्यांदाच! माझा दुसरा पंच होता रामटेके, माझ्यापेक्षा वयाने लहान, गडचिरोलीकडचा, गोंडी समजणारा. दुसरा पंच खाली, बाकांच्या बाजूला उभा असतो. तिथलं बोलणं मला वर ऐकू येत नाही, त्याला येतं.

तिसऱ्या सेटात आत्राम सरांच्या मुली टाइमआउटला बसल्या आणि शिट्टी झाली तरी त्यांचं ठरेना. मी पिवळं कार्ड मनगटावर टेकवलं. सुरेखाला स्टँडखाली बोलावून सांगितलं, "बाई, पुन्हा उशीर झाला तं पॉइंट जाईन. तुह्या सरालेबी सांग." तिने मान डोलावली. सरांनी लांबून हात जोडले.

दोन-दोन सेट झाले आणि पाचवा लागला. अशी लढत मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. चिन्नी नेटपाशी होती तोवर नुसती पेटली होती. एक बॉल तर तिने असा खाली ठोकला की देशकर मॅडमनी स्वतः टाळी वाजवली आणि मग आजूबाजूला पाहून हात खाली घेतले. बारा-चौदा झाले. सामना जायला एक पॉइंट बाकी. सुरेखाने एक मारून काढला. तेरा-चौदा. सर्व्हिस आत्राम सरांच्या संघाकडे आली, मुली एक जागा सरकल्या, आणि मागच्या रेषेपाशी कोण येतं म्हणून मी पाहिलं.

चिन्नी. त्या सेटातली तिची पहिली पाळी. तेच तेरा-चौदा. गर्दीतसुद्धा बऱ्याच जणांच्या ते लक्षात आलं. मोबाइल वर झाले.

आत्राम सरांनी टाइमआउट मागितला. बाकावरची बदली पोरगी सवयीने उठून उभी राहिली. मुली खाली बसल्या. सर बाहेर उभे, हातात कॅन. मला वाटलं, नेहमीसारखं होईल, अर्ध्या मिनिटाचंही काम नाही.

रामटेकेने शिट्टी दिली. देशकर मॅडमच्या सहाही जणी मैदानात आपापल्या जागी येऊन वाकून उभ्या राहिल्या. इकडे गोल तसाच.

मी शिट्टी दिली. गोल हलेना.

रामटेके नेटच्या खालून धावत माझ्याजवळ आला. "सर, गडबड झाली. ते पोट्टी म्हणते, मले बाहेर काढा. आन् बाकीच्या नाई म्हणून राह्यल्या. कप्तान म्हणते, याच पॉइंटावर तू गेली होती, आता तुले काढलं तं तू कायमची गेली, आम्ही नाई काढत. साऱ्या म्हणतात मार, ते म्हणते नाई मारत. अडलं, सर."

"आत्राम सर काय म्हणतात?"

"काईच नाई."

मी समोर पाहिलं. आता कोणत्याही प्रशिक्षकाला दोन रस्ते होते. बदली घ्यायची, नाही तर चिन्नीला हाताला धरून रेषेवर उभं करायचं. पहिल्यात पाच जणींचा नकार मोडायचा होता, दुसऱ्यात गावाला दिलेला शब्द; एरवी सरांचा एक शब्द पुरे होता. गर्दी ओरडत होती, "सर, बदला तिले! बदला!" त्यांच्या कॉलेजच्या कमिटीतले कोणी पांढरे कपडेवाले खुर्चीवरून उठून हातवारे करत होते. आत्राम सरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्याला डोळा भिडला. त्यांनी मान हळूच नकारार्थी हलवली. ठरल्याशिवाय उठवणार नाही.

रामटेके पुटपुटला, "सर, थोडं थांबा ना. कोणाचं काय जाते?"

मला थांबावंसं वाटलं नाही असं नाही. मला सगळं माहीत होतं, सरांसोबतचा तो चहा अजून जिभेवर होता. पण नेटच्या ह्या बाजूला सहा पोरी घामाने निथळत, गुडघ्यात वाकून, तयार उभ्या होत्या. त्यांनीही वर्षभर पहाटे उठून मैदान झाडलं होतं. नियम त्यांच्यासाठी पण असतो. पंचाने एका बाजूची गोष्ट माहीत आहे म्हणून दुसऱ्या बाजूला उभं ठेवायचं का? मी खिशातून लाल कार्ड काढलं आणि मनगटावर टेकवलं.

पंधरा-तेरा. सामना संपला.

मैदानावर एकच कल्ला झाला. देशकर मॅडमच्या मुली आधी गोंधळल्या, मग एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोणी मला शिव्या घातल्या, कोणी आत्राम सरांना. "असा कोच असते का बे! हातातली मॅच घालवली!" पांढरे कपडेवाले ताडताड निघून गेले. आणि ह्या सगळ्यात तो गोल तसाच बसून होता. मला वाटलं, रडत असतील. रामटेके परत तिकडे गेला होता, त्याने मला नंतर सांगितलं. रडत नव्हत्या, बोलत होत्या. ठरायचं राहिलं होतं ना!

सुरेखा म्हणाली होती, "जाऊ दे मॅच. पण आपलं आतापर्यंत ठरलं नाई."

आणि चिन्नी मातीत बोट फिरवत होती. मग म्हणाली, "तुमी साऱ्या माह्यासाठी हारल्या. तरी एकीनंबी मले उठ म्हटलं नाई. सरनंबी नाई."

मी स्टँडवरून उतरून शर्टाची बाही सारखी करत होतो. पाहतो तर सहा जणी माझ्याकडे चालत येताहेत, पुढे चिन्नी, बगलेत बॉल.

"सर," ती म्हणाली, "ठरलं आमचं."

"काय ठरलं, बाई?"

"सर्व्हिस मीच मारीन."

मी म्हटलं, "अवं पोरी, मॅच संपली ना."

"माहीत हाये जी," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

देशकर मॅडम दोन पावलांवर होत्या. त्यांनी ऐकलं. त्या शिस्तीच्या बाईने वळून अशी हाक मारली की अख्खं मैदान गप्प झालं. "पोरींनो! जागेवर चला! सर्व्हिस येते आहे."

जिंकलेल्या पोरी गळ्यातली फुलं बाकावर टाकून धावत आल्या आणि गुडघ्यात वाकून उभ्या राहिल्या. मी पुन्हा स्टँडवर चढलो. चिन्नी मागच्या रेषेबाहेर गेली. बॉल दोनदा जमिनीवर आपटला, वर पाहिलं. तेच मोबाइल पुन्हा वर झाले. हातातल्या विळ्यांसकट माणसं रेषेपर्यंत सरकली. मी उजवा हात वर केला आणि शिट्टी दिली. कोणत्याही नियमात न बसणारी, माझ्या उभ्या आयुष्यातली एकमेव शिट्टी.

बॉल नेटवरून वीतभर उंचीने गेला. सरळ, पाठीमागच्या कोपऱ्यात. समोरच्या पोरीने पडून तो उचलला, दुसरीने वर दिला, तिसरीने मारला, सुरेखाने अडवला, आणि तो पॉइंट असा रंगला असा रंगला की काय सांगू! शेवटी कोणाचा झाला ते मला आठवत नाही. रामटेकेलाही नाही. सुमनला विचारलं तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "मले कायले इचारता? पंच तुमी हाये का मी?"

मी उतरून आत्राम सरांना शोधलं. ते मैदानाकडे पाठ करून बाकापाशी उभे होते. कॅनमधून बाटलीत पाणी भरत होते. बाटली केव्हाच भरली होती आणि पाणी त्यांच्या चपलांवर सांडत होतं.

"सर, पाहिलं नाई का? गेली ना पलीकडे!"

"आवाजावरून समजलं जी," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, कार्ड मीच दाखवलं. राग नका धरू."

"बरोबर दाखवलं जी. माहा शब्द होता, तुमचाबी होता ना."

एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला. तो हात हातात घेतला तेव्हा पाहिलं, दुसऱ्या हातातली कॅन अजून वाहतच होती आणि त्यांना पत्ता नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो, ह्या माणसाला हरायची भीतीच नाही, म्हणून त्याला गप्प उभं राहणं जमतं. भीती होती. आमच्या सगळ्यांइतकीच होती. मी तो हात दोन्ही हातांत धरला आणि संघाची एस.टी. लागेपर्यंत सोडला नाही.